हॉटेलसारखा क्रीमी चिकन पास्ता घरी: सांगलीच्या स्वयंपाकघरातून सविस्तर कृती

हॉटेलात मिळतो तसा क्रीमी चिकन पास्ता घरी करायचा ठरला की बहुतेकजण आधी क्रीमची दोन-तीन पाकिटं आणतात. पास्ता होतो, पण वाढेपर्यंत त्याचा गोळा होतो, चिकन चिवट लागतं आणि चार घासांनंतर जड वाटायला लागतं. प्रत्येक तुकड्याला लपेटून राहणारा तो चकचकीत, मऊ सॉस क्रीमच्या जोरावर होत नाही. पास्ता उकळलेलं पिठाळ पाणी, वेळेवर घातलेला स्निग्धांश आणि कमी आच, या तीन गोष्टींनी तो जमतो. क्रीम शेवटी, चवीपुरतं.

रोममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेदो दी लेलिओ यांनी ज्या पास्त्याने नाव मिळवलं, त्यात क्रीमचा थेंबही नव्हता. फेत्तुचीने या चपट्या, लांब पट्ट्या, लोणी आणि बारीक किसलेलं पार्मेजान चीज, बस्स. गरम पास्त्यावरचं पिठाळ पाणी आणि लोणी एकत्र घुसळलं गेलं की पिठूळ कण लोण्याचे बारीक थेंब धरून ठेवतात आणि पांढरा, दाट सॉस आपोआप तयार होतो. क्रीमची भर नंतर अमेरिकेत पडली. आपल्याकडे मिळणारा ‘व्हाइट सॉस’ पास्ता आणखी निराळा, मैदा-लोणी भाजून त्यात दूध घालून केलेला. खाली दिलेली कृती याच आपल्या पद्धतीची आहे, पण मैदा नेहमीच्या निम्मा आणि दाटपणाचं बाकीचं काम पिठाळ पाण्यावर सोपवलेलं.

सांगली-मिरजेकडच्या घरांना या पदार्थात एक मोठी सोय आहे, ती म्हणजे दूध. अजूनही कित्येक घरांत म्हशीच्या दुधाचा रतीब असतो, आणि पिशवीचं घ्यायचं झालं तरी भिलवडीसारखं दुधाचं गाव जिल्ह्यातच आहे. पिशवीवर ‘फुल क्रीम’ लिहिलेलं असेल तर त्यात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, ‘टोन्ड’मध्ये ३ टक्के. या सॉससाठी फुल क्रीम किंवा रतीबाचं म्हशीचं दूधच घ्या. टोन्ड दुधाचा सॉस पातळ आणि पोकळ लागतो, मग तो भरायला मैदा वाढवला जातो आणि तिथूनच खळीसारखी चव यायला सुरुवात होते.

काय काय लागेल

चार माणसांसाठी पेने किंवा फुसिली ३०० ग्रॅम. हाडांशिवायचं चिकन ४०० ग्रॅम. दूध ४०० मिली, तापवून कोमट केलेलं. लोणी ३० ग्रॅम. बाजारचं खारं बटर चालतं, घरचं ताजं लोणी असेल तर उत्तम, फक्त ते आंबट नको. मैदा दीड सपाट पोह्यांचा चमचा. क्रीम १०० मिली किंवा तेवढीच ताजी साय. प्रोसेस्ड चीज ६० ग्रॅम. अर्धा कांदा अगदी बारीक चिरून. लसूण आठ-दहा पाकळ्या, पण गावरान असेल तर पाच पुरे, तो फार उग्र असतो. मिरपूड, वाळलेला ओरेगॅनो, चिली फ्लेक्स, चिमूटभर जायफळ, तेल आणि मीठ. भाज्या हव्या असतील तर एक ढोबळी मिरची आणि मूठभर मक्याचे दाणे. मशरूम मिळाले तर ढोबळीपेक्षा तेच घाला, दुधाच्या सॉसशी त्यांची चव जास्त जुळते.

पास्त्याचं पाकीट उलटून पाहा. ‘डुरम व्हीट सेमोलिना’ असं लिहिलेलं हवं. डुरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू. शेवया करणाऱ्या बायका साध्या गव्हाऐवजी बन्सी किंवा खपली का मागतात, तेच कारण इथेही आहे: या गव्हाचा रवा कडक, पिवळसर असतो आणि शिजल्यावर लगदा होत नाही. मैद्याचा किंवा साध्या रव्याचा स्वस्त सुटा पास्ता दोन मिनिटं जास्त शिजला तरी चिकट होतो, आणि या कृतीत तर तो सॉसमध्ये पुन्हा शिजणार आहे.

साय आणि क्रीम यांत काय निवडायचं? पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. रटरटून उकळलं तर ते फुटू शकतं, म्हणून ते नेहमी शेवटी घालायचं. घरची साय वापरायची असेल तर ती आदल्या रात्रीच्या दुधाची, फ्रिजमध्ये धरलेली, एका दिवसाची हवी. लोण्यासाठी आठवडाभर साठवलेली, विरजण लावलेली साय इथे चालत नाही. ती आंबट असते, सॉस फाटतो. ताजी सायही तशीच टाकली तर तिचे पापुद्रे सॉसमध्ये तरंगत राहतात. दोन-तीन चमचे थंड दूध घालून ती पुरणाच्या चाळणीतून किंवा बारीक गाळणीतून दाबून काढा. मिक्सर लावायचा तर थंड साय आणि पाच सेकंद, त्याहून जास्त नाही. नाहीतर लोणी सुटेल. अशी गाळलेली म्हशीची साय पाकिटातल्या क्रीमपेक्षा चवीला सरस असते, असं माझं ठाम मत आहे.

चिकन: निम्मी लढाई दुकानातच

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानात गर्दी असते आणि नुसतं ‘अर्धा किलो द्या’ म्हटलं की सवयीने रश्श्याचे तुकडे होतात. आधीच सांगा: ब्रेस्ट अख्खे ठेवा, हाड काढा, तुकडे करू नका. लेगचं बोनलेस घेतलं तरी चालतं, उलट ते जास्त रसाळ राहतं, फक्त शिजायला वेळ लागतो.

समोर कापलेली कोंबडी घरी आणून लगेच तव्यावर टाकली तर ती चिवट होते. कापल्यानंतर काही तास स्नायू ताठरतात आणि मग हळूहळू सैल पडतात. रश्श्यात बराच वेळ शिजल्यावर हे जाणवत नाही, पण सात-आठ मिनिटांत शिजणाऱ्या ब्रेस्टमध्ये लगेच कळतं. सकाळी आणलेलं चिकन झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी करा.

करायच्या पाऊण तास आधी अर्धा लिटर थंड पाण्यात २५ ग्रॅम, म्हणजे साधारण चार सपाट चहाचे चमचे मीठ विरघळवून त्यात चिकन बुडवून ठेवा, फ्रिजमध्येच. अर्धा-पाऊण तास पुरे. मीठ आत मुरतं आणि मांस शिजताना पाणी धरून ठेवतं. कोरड्या ब्रेस्टवर याहून सोपा उपाय नाही. हळद-मीठ लावून धुण्याची सवय आपल्या हातात मुरलेली आहे, पण इथे हळद लावू नका. तिचा पिवळा रंग आणि कच्चट वास दुधाच्या सॉसमध्ये उतरतो आणि मग काही केलं तरी जात नाही.

मिठाच्या पाण्यातून काढलेलं चिकन स्वच्छ कापडाने किंवा कागदाने अगदी कोरडं टिपून घ्या. ओलं चिकन भाजलं जात नाही, वाफवलं जातं. मग सुरी आडवी धरून प्रत्येक ब्रेस्टचे दोन पातळ थर करा, दीड सेंटीमीटरच्या आसपास जाडीचे. बारीक तुकडे आत्ता करायचे नाहीत. छोटे तुकडे कढईत गर्दी करतात, पाणी सोडतात आणि पांढरे, रबरासारखे होतात. थर अख्खे भाजायचे आणि नंतर कापायचे. वरून मिरपूड, अर्धा चमचा ओरेगॅनो आणि रंगासाठी चिमूटभर ब्याडगीचं तिखट चोळा. पुन्हा मीठ नको. कांदा-लसूण मसाला लावायचा मोह आपल्याकडे होणारच, पण त्यातलं भाजलेलं खोबरं आणि तीळ तापल्या कढईत लगेच करपतात आणि सॉसला कडवट, काळपट करतात. तिखटपणा हवा असेल तर चिली फ्लेक्स वाढवा.

जाड बुडाची स्टीलची रुंद कढई या कामाला सगळ्यात चांगली. नॉनस्टिकमध्ये चिकन भाजतं, पण तळाला काही धरत नाही, आणि आपल्याला तळाची ती तपकिरी खरवड हवीच आहे. लोखंडी तव्यावर चिकन सुंदर भाजतं, पण पांढरा सॉस लोखंडात करू नका, करडा पडतो. तवाच वापरणार असाल तर खरवड थोड्या पाण्याने सोडवून सॉसच्या भांड्यात ओता.

कढई चांगली तापू द्या. दोन पोह्यांचे चमचे तेल, आणि चिकन अंतर राखून ठेवा. चर्र आवाज आला पाहिजे. आता चार मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू तांबूस झाली की तुकडा स्वतःहून सुटतो. चिकटलेला असेल तर अजून वेळ आहे. उलटा, आच मध्यम करा आणि आणखी तीन मिनिटं. लेगच्या मांसाला दोन्ही बाजूंनी सहा-सहा मिनिटं लागतात. घरात थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. नसेल तर सगळ्यात जाड जागी टोचून पाहा, निघणारा रस स्वच्छ हवा आणि मांस आत कुठेही गुलाबी नको. ताटलीत काढून पाच मिनिटं तसंच राहू द्या. लगेच कापलं तर सगळा रस पाटावर वाहून जातो. ताटलीत साचलेला रस मात्र जपून ठेवा, तो सॉसमध्ये जाणार आहे. आणि कढई धुऊ नका.

पास्त्याचं पाणी

चिकन भाजायला घेण्याआधीच दुसऱ्या शेगडीवर अडीच लिटर पाणी ठेवून द्या. उकळी आली की पुन्हा २५ ग्रॅम मीठ. हे जास्त वाटेल, पण पास्ता यातलं थोडंच शोषतो. या वेळी अळणी राहिलेल्या पास्त्याला नंतर कितीही खारा सॉस लावला तरी आतली चव सपकच राहते. पाण्यात तेल घालायची गरज नाही. तेल पाण्यावर तरंगतं, आणि गाळताना पास्त्याला लागलं तर उलट सॉस घसरतो. पहिल्या दोन मिनिटांत झाऱ्याने ढवळलं की चिकटणं थांबतं.

पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर ९ मिनिटांनी काढा. तुकडा दातांनी तोडला की मध्ये बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे. उरलेली दोन मिनिटं तो सॉसमध्ये शिजेल आणि तेव्हा पाण्याऐवजी सॉस पिईल.

गाळायच्या आधी दोन मोठे कप पाणी बाजूला काढून ठेवा. हे विसरू नये म्हणून कप आधीच चाळणीत ठेवून द्यावा, म्हणजे तो उचलल्याशिवाय पास्ता ओतताच येत नाही. आणि शिजलेला पास्ता थंड पाण्याखाली धरू नका. सॅलडसाठी ते ठीक आहे, इथे नाही. त्या धुण्यात पृष्ठभागावरचं पीठ निघून जातं, आणि सॉस धरून ठेवतं ते तेच.

सॉस

पास्ता पाण्यात पडला की सॉसला सुरुवात करा, दोन्ही साधारण एकाच वेळी तयार होतात. चिकनच्या कढईत जास्तीचं तेल असेल तर ओतून काढा, आच मंद करा आणि लोणी घाला. लोणी वितळलं की कांदा घालून मऊ होईपर्यंत परता. तांबूस करायचा नाही. मग लसणाचे पातळ काप किंवा बारीक चिरलेला लसूण, जेमतेम अर्धा मिनिट. लसूण करपला तर पांढऱ्या सॉसमध्ये तो लपवायला जागाच नसते. उरलेला ओरेगॅनो तळहातावर चुरडून याच वेळी घाला. वाळलेल्या पानांचा वास स्निग्ध पदार्थात उतरतो. शेवटी वरून भुरभुरवलेला ओरेगॅनो नुसता गवतासारखा दाताखाली येतो.

आता मैदा घालून दीड-दोन मिनिटं मंद आचेवर परता. कच्चा वास जायला हवा, रंग बदलायला नको. कढई खाली उतरवून कोमट दूध थोडं थोडं घाला, पहिल्या पळीनंतर सगळं एकजीव होईपर्यंत पुढची पळी नाही. दूध फ्रिजमधून काढलेलं बर्फगार असेल तर गुठळ्या हमखास होतात. सगळं दूध जिरलं की पुन्हा शेगडीवर ठेवा आणि लाकडी उलथण्याने तळ खरवडत राहा. चिकनची तपकिरी खरवड हळूहळू सुटून सॉसमध्ये मिसळते आणि त्याला फिकट बदामी छटा येते. हॉटेलातल्या सॉसपेक्षा घरच्या सॉसला जास्त चव असते ती या खरवडीमुळे. चार-पाच मिनिटांत सॉस बासुंदी आटायला लागण्याच्या बेतात असते तितका दाट होईल. त्याहून घट्ट नको.

मिरपूड, चिली फ्लेक्स आणि जायफळ आत्ता. जायफळ पुरणात घालतो त्याच्या पाव हिश्श्याने, जाणवेल न जाणवेल इतकंच. मीठ अजिबात नको, कारण चीज, बटर, पास्त्याचं पाणी आणि चिकन सगळंच खारं आहे.

घरात कुणी शाकाहारी असेल, किंवा कुणाचा संकष्टीचा किंवा सोमवारचा उपास नसला तरी सामिष वर्ज्य असेल, तर त्यांचा सॉस पहिल्यापासून वेगळ्या पातेल्यात करा. निम्मं लोणी, निम्मा मैदा, निम्मं दूध, बाकी सगळं तेच, आणि चिकनच्या जागी मोठ्या आचेवर परतलेले मशरूम. चिकनच्या कढईतला सॉस अर्धा काढून देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, खरवड त्यात उतरलेली असते.

भाज्या घालणार असाल तर त्याही वेगळ्या, मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतून घ्या. सॉसमध्ये कच्च्या टाकल्या तर पाणी सोडतात आणि इतका वेळ सांभाळलेला दाटपणा वाया जातो.

एकत्र करणं

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात घाईत उरकला जाणारा. पास्ता गाळून थेट सॉसमध्ये घाला, सोबत अर्धा कप पिठाळ पाणी. आच मध्यम. दोन मिनिटं सतत हलवत राहा. कढई उचलून पास्ता उडवता आला तर आणखी चांगलं. सुरुवातीला सॉस पाणचट दिसतो आणि मैदा वाढवावासा वाटतो. वाढवू नका. दीड मिनिटाच्या आसपास सॉस पास्त्याला धरायला लागतो आणि त्याला चकाकी येते.

आता गॅस बंद करा. पूर्ण बंद. किसलेलं चीज दोन हप्त्यांत घालून ढवळा. प्रोसेस्ड चीजमध्ये ते एकसारखं वितळावं म्हणून खास क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते सहसा फुटत नाही आणि रोजच्या करण्याला तेच सोयीचं. मोझरेला पिझ्झासाठी राखून ठेवा, इथे त्याच्या तारा होऊन गोळे बनतात. पार्मेजान मिळालं तर अगदी बारीक किसून ४० ग्रॅम घ्या, पण तापल्या सॉसमध्ये त्याचे कण धरतात, म्हणून एक मिनिट थांबून घाला. शेवटी क्रीम किंवा गाळलेली साय, चिकनच्या ताटलीतला रस, आणि आडवे कापलेले चिकनचे काप. चव बघून लागलंच तर मीठ. चार-पाच थेंब लिंबू पिळलं तर सगळ्या स्निग्धपणाला उठाव येतो. तुळस मात्र घालू नका. इटालियन बेसिल तिच्याच कुळातलं असलं तरी आपल्या तुळशीचा उग्र, लवंगेसारखा वास इथे जुळत नाही.

कढईत असताना सॉस तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा सैल असू द्या. ताटात गेल्यावर तीन-चार मिनिटांत पास्ता आणखी पाणी पितो आणि सॉस थंड होत घट्ट होतो. म्हणून उरलेलं पिठाळ पाणी टेबलापर्यंत हाताशी ठेवा आणि वाढायच्या आधी एक-दोन चमचे घालून पुन्हा हलवा. खोलगट बशा गरम पाण्यात बुडवून, पुसून घेतल्या तर फार फरक पडतो. सगळे बसल्यावरच पास्ता आणि सॉस एकत्र करा. पाहुणे येणार असतील तर सॉस दुधापर्यंत आधी करून ठेवता येतो, चिकनही भाजून ठेवता येतं. पास्ता उकळणं, चीज आणि क्रीम हे मात्र त्यांच्यासमोरच.

काही बिघडलं तर

गुठळ्या झाल्या तर पास्ता घालण्याआधी सॉस गाळणीतून गाळा, वरची खरवड चमच्याने दाबून काढा. सॉस घट्ट गोळा झाला तर गरम पिठाळ पाणी, ते संपलं असेल तर गरम दूध, एकेक चमचा. तूप सुटल्यासारखं दिसलं तर आच जास्त झाली आहे: कढई खाली उतरवा, दोन चमचे पिठाळ पाणी घालून जोरात घोटा, बहुतेक वेळा पुन्हा एकजीव होतो. दाणेदार झालेलं चीज मात्र परत गुळगुळीत होत नाही. चवीला ते खराब नसतं, वाढून टाका.

उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये, पारा ३२ अंशांच्या वर असताना, एका तासाच्या आत. दूध आणि चिकन दोन्ही असल्यामुळे ओट्यावर रात्रभर ठेवलेला पास्ता सकाळी नुसता गरम करून खाऊ नये. दुसऱ्या दिवशी तो थिजून एकसंध झालेला असतो. दर माणशी पाव कप दूध घालून झाकण ठेवून मंद आचेवर वाफ येईपर्यंत गरम करा, अधूनमधून हलक्या हाताने सोडवा. चिकनचे काप आधी बाजूला काढून शेवटच्या दोन मिनिटांत परत घातले आणि तेही आतपर्यंत कढत होऊ दिले, तर कोरडे पडत नाहीत.